धाकटीची गिऱ्हाइकं

त्या दिवशी सकाळी धाकटीनं लॉन्ड्रीच्या मालकांना सांगून टाकलं, "या आठवड्यानंतर मी येणार नाही." सांगितलं ते एका दमात, हातातली इस्त्रीसुद्धा खाली न ठेवता. मध्ये थांबली असती तर जीभ मागे फिरली असती. मालक भला माणूस. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "कंटाळलीस की काय?"

"नाही हो. माझा स्वतःचा धंदा आहे आता."

"अरे वा!" म्हणाले, आणि तिच्या जागी भाचीला बोलवायला लगेच फोन घेऊन आत गेले. इतकी घाई करायची काही गरज नव्हती, असं धाकटीला वाटलं. निदान थोडा आग्रह तरी करायचा!

आता धंदा कसला, तर नको असलेले कपडे ऑनलाइन विकायचा. हसू नका. सुरुवात झाली ती कपाटाचं दार लागेना म्हणून. तिच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, मोबाइलवर ॲप घालून दिलं. ताई दातांची डॉक्टर. दुसऱ्याच्या अडचणीवर तोडगा काढल्याशिवाय हिला जेवण जात नाही. "पडून राहिलेलं विकून टाक, वरखर्चाला होईल," म्हणाली. धाकटीनं आपले दोन स्वेटर धुऊन, कडक इस्त्री करून, पलंगावर पसरून फोटो टाकले. दुसऱ्या दिवशी दोन्ही गेले! मग फुलाफुलांचा झगा गेला, मग पाटलोणी गेल्या. स्वतःचं कपाट संपलं तेव्हा शेजारणींनी आपापली कपाटं उपसली. ताईनंही आपला मोहरीच्या रंगाचा कोट आणून दिला, तोही गेला.

घेणारं कोण, ते ॲपवर कळत नाही. ना नाव, ना पत्ता. लोक आपली काहीतरी टोपणनावं घेऊन बसतात, कुरिअरवाला दाराशी येतो, पाकीट नेतो, संपलं. पण शेरे मात्र लिहितात. 'उन्हातली खुर्ची' नावाच्या गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, "काय ती इस्त्री! घालायला जीव होत नाही." 'मांजरीची मावशी' म्हणाली होती, "तुमची नजर फार चांगली आहे. दुकान का टाकत नाही?" हे शेरे धाकटी भाजी चिरताना वाचायची, बसमध्ये वाचायची, नवरा झोपला की त्याला उठवून वाचून दाखवायची. इतकी वर्षं लॉन्ड्रीच्या वाफेत काढली, मनगटं कामातून गेली, तिथे कुणी साधं "छान" म्हटलं नव्हतं. लोक कपडे घ्यायला येत ते डाग राहिलाय का, हे बघायला. आणि इथे परकी माणसं म्हणत होती, दुकान टाका. तिचा जीव सुपाएवढा झाला होता, दुसरं काय! म्हणून तर नोकरी सोडली.

आणि त्याच दिवशी दुपारी तो गठ्ठा आला.

गावाबाहेरच्या वृद्धाश्रमातलं धुलाईचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून त्यांनी कपडे पहिल्यांदाच इकडे पाठवले. धाकटीनं गठ्ठा सोडला आणि खूण घालायला सुईत लाल दोरा ओवला. लॉन्ड्रीत कपड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक रंग ठरलेला असतो. कॉलरच्या आतल्या बाजूला त्या रंगाचे दोन टाके घालायचे. तिनं पहिला स्वेटर उलटा केला. आत लाल टाके होतेच.

"अगं बाई, घातले वाटतं!" ती स्वतःशीच म्हणाली आणि दुसरा कपडा घेतला. त्यालाही होते. तिसऱ्याला नव्हते. चौथ्याला होते. धाकटी सुई धरून तशीच उभी राहिली. गठ्ठा तर आत्ता तिनं स्वतः सोडला. मग टाके कधी घातले? आणि घातले तर तिसरा का सोडला? वय झालं की काय आपलं? डोळ्यांवर आलंय की डोक्यावर?

टाके तिच्याच हातचे होते, यात शंका नव्हती. दुसरा टाका किंचित तिरका घालायची खोड तिचीच. तिनं फुलाफुलांचा झगा उजेडात धरला. हा झगा तिनं विकला होता! विकलेल्या प्रत्येक कपड्याला तिनं घरी नकळत टाके घातले होते, लाल रीळ घरात होतं म्हणून लाल. विकायच्या कपड्याला खूण कशाला लागते? कशालाच नाही. पण हाताला वळण लागलं की हात डोक्याला विचारत बसत नाही.

आता पुढचा विचार बघा कसा आला. तिला वाटलं, हे कपडे मुळात आश्रमाचेच असणार. आपल्या हातून लॉन्ड्रीतले कपडे घरी गेले आणि आपण ते लोकांना विकले. म्हणजे चोरी! पोलीस, मालक, नवरा, शेजारणी, सगळे एका रांगेत डोळ्यांपुढे उभे राहिले. पण आश्रमाचे कपडे तर आजच पहिल्यांदा आले. आणि विकलेले कपडे पुन्हा आश्रमात कसे? तिनं पुन्हा पहिल्यापासून विचार सुरू केला आणि पुन्हा तिथेच येऊन अडकली. तेवढ्यात गठ्ठ्याच्या तळाशी मोहरीच्या रंगाची बाही दिसली. ताईचा कोट.

निरनिराळ्या नावांच्या निरनिराळ्या माणसांनी घेतलेले कपडे एकाच गठ्ठ्यात बांधून आले होते. धाकटीनं काउंटरवरचा फोन उचलला आणि आश्रमात लावला. "लॉन्ड्रीतून बोलतेय. काही कपड्यांवर नावं नाहीत, कुणाचे समजायचे?"

"ते देणगीतले असतील," पलीकडची बाई म्हणाली. "एक मॅडम आणून देतात. उंच आहेत, सारख्या घाईत. आल्या की आधी आमचं पायपुसणं पायानं सरळ करतात, मग आत येतात."

धाकटीनं फोन ठेवला. दुसऱ्याच्या दारातलं पायपुसणं सरळ करणारं माणूस तिला एकच ठाऊक होतं. डोकं होय म्हणत होतं, मन नाही म्हणत होतं, आणि पाय, पायांनी तर कधीच दवाखान्याचा रस्ता धरला होता.

ताई कामात होती. खुर्चीत एक गृहस्थ आडवे, तोंड उघडं, एक गाल सुजून टम्म. धाकटीनं मोहरीचा कोट सरळ त्यांच्या पोटावर टाकला.

"हा कोट कुणाचा?"

ताईनं कोटाकडे पाहिलं, मग गृहस्थांच्या दाढेकडे. "माझा. म्हणजे... होता."

"तू मला विकायला दिलास. कुणी घेतला?"

ताई हातातला चिमटा उगाचच पुसायला लागली. गृहस्थांची नजर एकदा इकडे, एकदा तिकडे.

"स्वतःचा कोट स्वतःच विकत घेतलास? अगं, वेड लागलंय का तुला?"

"मग काय करू?" ताई एकदम उसळली. "तू घेतलंस कधी माझ्याकडून काही? पैसे पुढे केले की तुझे हात मागे! मनगटाला पट्टा बांधून इस्त्री करतेस, मला दिसत नाही? म्हणून घेत गेले एकेक. घरी किती ठेवणार? दिले आश्रमात. तोंड उघडं ठेवा हो तुम्ही."

"आणि शेरे? उन्हातली खुर्ची?"

"मीच."

"मांजरीची मावशी?"

"मीच. पण इस्त्रीबद्दल लिहिलं ते खरंच होतं गं."

धाकटीला हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. कोण कुणाला फसवत होतं? ताईचे पैसे गेले, तिला पैसे आले, म्हाताऱ्यांना कपडे मिळाले, कुणाचंच काही वाईट झालं नाही, आणि तरी आपल्या घरात कुणीतरी चोरी केली असं तिला का वाटत होतं?

"ताई, मी नोकरी सोडली."

ताईच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये खणकन पडला. "कधी?"

"आज सकाळी."

"अगं, मला विचारायचंस तरी!"

"तुला कशाला विचारू? माझा धंदा होता."

ताईचे डोळे भरून आले. तिनं तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि बाहीनं डोळे पुसले. गृहस्थांनी घशातून कसलासा आवाज काढला, तो सहानुभूतीचा होता की दाढेचा, कळायला मार्ग नव्हता.

"जाते आत्ता मालकांकडे," धाकटी म्हणाली. "भाची अजून आलेली नसली तर पाय धरते त्यांचे." दारापर्यंत गेली आणि वळली. "ताई, एक खरं सांग. सगळे तूच घेतलेस? एकूण एक?"

ताईनं बोटांवर मोजत आठवायला घेतलं. उन्हातली खुर्ची, मांजरीची मावशी, अर्धा कप, निळी छत्री.

"आणि रिकामा डबा?" धाकटीनं मोबाइल तिच्यापुढे धरला. "गेल्या महिन्यात दोन सदरे घेतले. 'बाह्या बरोबर बसल्या, आभारी आहे,' असं लिहिलंय."

"रिकामा डबा?" ताईनं वाकून वाचलं. "छे गं. हा माझा नाही. खरंच नाही."

धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हाच चेहरा इतके महिने दर रविवारी तिच्याकडे चहाला येत होता. "काय म्हणतो धंदा?" असं विचारत होता आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी मन लावून ऐकत होता. या चेहऱ्यावरून काय ओळखायचं आता?

तिनं तिथेच उभ्या उभ्या रिकाम्या डब्याला निरोप लिहायला घेतला, 'आपण कोण, कळेल का?' ताईचा मोबाइल शेजारच्या टेबलावर, कापसाच्या बोळ्यांजवळ होता. निरोप गेला आणि तो वाजला, तर कळणारच होतं.

"पाठव की," ताई म्हणाली. "विचार त्याला. होऊन जाऊ दे एकदाचं." आणि म्हणता म्हणता तिनं आपला मोबाइल उचलला आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात सरकवला.

नुसताच सरकवला असेल. कामाच्या टेबलावर मोबाइल कशाला, म्हणूनही असेल. धाकटीचं बोट तसंच थांबलं. मग तिनं लिहिलेलं एकेक अक्षर खोडलं, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

"का गं?" ताईनं विचारलं.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "गिऱ्हाइकाला उगाच त्रास कशाला द्यायचा?"