सोमाचं ऑपरेशन

"सोमा, इकडं बघ. खिडकीत काय ठेवलंय?" आरोग्यसेवक यादव म्हणाले.

सोमा नाइलाजाने वळला. टेबलावर रबराचं मॉडेल होतं, पुरुषाच्या कमरेखालचं, मधोमध कापून दाखवलेलं. जी गोष्ट माणूस अंधारातसुद्धा झाकून ठेवतो, ती इथे भर उजेडात मांडून यादव तिच्यावर पेन टेकवत होते.

"ही पिशवी. हिच्यात या दोन गोळ्या, त्यांना वृषण म्हणायचं. यांची कामं दोन. एक, बीज तयार करायचं. ते या बारक्या नळीतून वर चढतं, वाटेत दुसऱ्या ग्रंथींचं पाणी मिळतं आणि मग बाहेर पडतं. दुसरं काम ताकदीचं. दाढीमिशी, आवाज, इच्छा, सगळं त्याच्यावर. पण तो रस नळीतून जात नाही, थेट रक्तात जातो. आपण फक्त नळी बांधणार. गोळ्यांना हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," सोमाने मान डोलावली. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आल्यापासून तो प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होता.

"काय कळलं, सांग बघू."

सोमा म्हणाला, "खच्ची बैलबी नांगर ओढतोच ना, भाऊ. मी बी ओढीन. फक्त माझ्या आयला कळाय नको."

यादवांनी पेन खाली ठेवलं.

सोमाचं तरी काय चुकत होतं? सुरगाण्याकडच्या त्यांच्या पाड्यावर गोऱ्हे खच्ची करायचं काम त्याच्या बापाकडे होतं. सोमा मागचे पाय धरायचा. बाप पिशवीतली शीर चाचपून ठेचायचा आणि गोऱ्हा जो हंबरडा फोडायचा, तो पार खालच्या पाड्यापर्यंत जायचा. पुढे तोच गोऱ्हा गरीब व्हायचा, अंगाने भरायचा, मुकाट कामाला लागायचा, गाईकडे मान वळवून बघायचा नाही. आता यादव म्हणत होते, गोळ्या नाही, फक्त नळी. बाप तरी कुठे गोळ्या काढायचा? तोसुद्धा शीरच ठेचायचा.

"अरे, बैलाची तर रक्ताची शीरच चेचतात. म्हणून गोळी सुकते. इथं रक्त चालूच राहणार," यादव काकुळतीला आले. "तू पिंपळगावला द्राक्षाच्या बागेत कामाला ना? ठिबकचा कॉक बंद केला म्हणून विहीर आटते का?"

"नाय."

"मग? हे बघ, असलं मनात धरून संमतीच्या कागदावर अंगठा करू नको. पटत नसेल तर घरी जा, विचार कर, पुन्हा ये."

घरी जाणं सोमाला परवडणारं नव्हतं. तिसऱ्या बाळंतपणात त्याच्या बायकोचं, मंगलाचं, इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता दिवस राहिले तर ही वाचायची नाही. आणि अंगात रक्त नाही म्हणून इतक्यात हिचं ऑपरेशनही नको. म्हणजे उरला कोण? सोमाच.

"पटलं, भाऊ," तो घाईने म्हणाला. "विहीर आटत नाय. एकदम पटलं."

पटलं काहीच नव्हतं. पण खोटं बोलताना एरवी अडखळणारी त्याची जीभ आज चुरूचुरू चालली.

टेबलावर आडवं झाल्यावर त्याने दात आवळून डोळे मिटले आणि त्या मोठ्या कळेची वाट बघत पडून राहिला. एक सुई टोचली. मग नुसती ओढाताण, कुणी सदऱ्याचं बटण लावावं तशी. डॉक्टर कुणाशी तरी रस्त्यातल्या खड्ड्यांविषयी बोलत होते.

"उठा हळूहळू. झालं."

"झालं?"

"झालं. टाकासुद्धा नाही."

संडासात जाऊन, कडी लावून, सोमाने भीत भीत चाचपून पाहिलं. दोन्ही जागच्या जागी होत्या. तो भिंतीला टेकून एकटाच हसला. तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी, चार दिवस ओझं उचलायचं नाही, हे सगळं यादवांनी पुन्हा सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होता.

बाहेर कडुलिंबाखाली मंगला बसली होती. "लय दुखतं का?"

"नाय ग. भाऊ म्हणत होता ते खरंच निघालं. काय बी जात नाय."

"मंग तुला काय वाटलं व्हतं?"

सोमाने पायाखालचा खडा उचलून लांब टाकला. "बाप गोऱ्हे ठेचायचा ना... तसंच वाटलं."

मंगला त्याच्याकडे बघतच राहिली. "आन् तरी आलास?"

"मंग काय करू? तू मरशील ना."

तिला हुंदका आला. सोमाला काय करावं सुचेना, म्हणून तो उगाच तिच्या पाठीवरची धूळ झटकत राहिला.

तेवढ्यात पाड्यावरून सोमाच्या आईचा फोन आला. पोरं तिच्याकडे होती. ऑपरेशन मंगलाचं आहे असंच दोघांनी तिला सांगून ठेवलं होतं.

"कशी हाय रे मंगला? झालं का तिचं?"

सोमाने मंगलाकडे पाहिलं. "आय, तिचं नाय. माझं झालं."

फोनमधून मयताच्या घरी काढतात तसा सूर आला. सोमा समजावून सांगू लागला, नळी, रक्त, विहीर, पण ती ऐकेना. सकाळपर्यंत तोही तेच धरून बसला होता. तिच्यावर चिडणार कुठल्या तोंडाने? त्याने तिला रडू दिलं.

शेवटी म्हातारी म्हणाली, "मंगलाला दे."

मंगलाने फोन कानाला लावला. "बोला, आत्या."

"पोरी, आता त्याला कधी टोचून बोलू नको," सासूचा आवाज बसला होता. "बाईसाठी एवढं कोणी देत नाय."

त्याचं काहीच गेलेलं नाही, हे मंगलाला सांगता आलं असतं.

"ठाऊक हाय मला, आत्या," ती म्हणाली.