अंजिराची फांदी आणि उलटी साखळी

शिवणयंत्राची नवी सुई. खिडकीची तडकलेली काच. दुखरा खांदा. अंजिराचं एक झाड.

मित्रांनो, या साऱ्यांची गाठ पडली ती माझ्यामुळे. मी एक जुनी, विजेवर चालणारी छोटी करवत आहे. माझ्या पात्याभोवती दातेरी साखळी फिरते, म्हणून लोक मला चेनसॉ म्हणतात.

दुकानात माझ्या शेजारी पेट्रोलवर चालणारी दांडगी करवत होती. गिऱ्हाइकं तिच्याकडेच वळत. एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या. कात्री पारखावी तसं त्यांनी मला हातात तोलून पाहिलं.

"काकू, ती मोठी घ्या. जन्मभर टिकेल," दुकानदार म्हणाला.

"ती टिकेल हो, मी टिकेन का? उचलत तर नाही! मला बागेतल्या फांद्या छाटायच्यात, जंगल नाही तोडायचं. ही हलकी आहे आणि परवडतेय."

घरी प्रकरण गंभीर होतं. अंजिराची फांदी वाऱ्याने खिडकीवर आपटे. काच तडकली होती. काकांचा खांदा दुखायचा, फांद्या छाटणं त्यांना जमत नव्हतं; ते म्हणत होते, झाड मुळापासूनच काढू. पण त्याच्याच सावलीतल्या खोलीत काकूंचं शिवणयंत्र चाले. झाड गेलं असतं, तर ती खोली भट्टीसारखी तापली असती.

काकूंनी साखळी स्वतःच बसवली. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, सगळं जय्यत. मी फांदीला टेकले आणि नुसतीच घासत राहिले. साल करपली, धूर निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घ्या, स्वस्तात मस्त!" काका म्हणाले. "उद्या झाड तोडणाऱ्याला बोलावतो."

काकूंनी आधी वायर काढली, मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे निरखून पाहिलं.

"अहो, परवा नवी सुई उलटी बसली, तर शिवणयंत्र टाकेच घेईना. तेव्हा आपण यंत्र भंगारात दिलं का? हिचे दात बघा. वरच्या बाजूचे पात्याच्या टोकाकडे हवेत, ते माझ्याकडे तोंड करून बसलेत!"

त्यांनी साखळी उलटवून बसवली. तेल घातलं. पुन्हा फांदीपाशी आल्या, तोच लांब उभे असलेले काका ओरडले, "थांब! आधी खालून थोडी खाच दे. नाहीतर फांदी मोडताना खोडाची साल सोलून निघेल."

खालून खाच, मग वरून काप. भुसा उडाला आणि फांदी अलगद गवतावर आली. काका खांदा चोळत जवळ आले, कापावरून बोट फिरवत म्हणाले, "साफ कापलंय." तोडणाऱ्याला बोलावण्याचा विषय तिथेच मिटला.

मित्रांनो, आज माझा रंग उडालाय, पण साखळीला तेल मिळतं, दातांना धार मिळते. तुमच्या घरचं एखादं अवजार अडलं, तर ते फेकण्याआधी एकदा नीट पाहा. बिचाऱ्याला बोलता येत नाही.

ते अंजिराचं झाड काकांनीच लावलं होतं.