पानाची कड

ताई प्रदर्शनात शिरली तीच चष्मा पुसत. माझी सख्खी थोरली बहीण. दोन गाड्या बदलून आली होती, ते फक्त एका पानासाठी.

पान तिचंच. तिच्या गॅलरीतल्या रबराच्या झाडाचं, कित्येक वर्षं जाड पुस्तकात दाबून ठेवलेलं. मी वाळलेल्या पानाफुलांचे फोटो काढते, ते कापडावर मोठे करून छापते, वरून दोऱ्याचे टाके घालते, सोनेरी वर्ख चढवते. "भिंतीएवढं करते बघ," पान मागताना मी बढाई मारली होती. "शीर न् शीर दिसेल!"

झालंही भिंतीएवढं. आणि लोक वाखाणत होते नेमकी त्याची कड. पानाची कुरतडलेली एक बाजू मी फोटो काढण्याआधीच ब्लेडने सरळ कापली होती आणि चित्रात तिथे वर्ख लावला होता. "काय कड साधलीय!" म्हणत होते, आणि मी आपली हरभऱ्याच्या झाडावर.

ताई चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. वाकली.

"अगं, दात कुठेयत?"

"कसले दात?"

"पिल्लूचे. फोनवर सांगितलं नव्हतं का तुला? खालचे दोन नुकते आले होते. पान चावलं, न् कसलं तोंड करून थुंकलं! त्याचे फोटो ढीगभर आहेत गं, पण बोट फिरवावं असं तेवढंच राहिलंय."

पिल्लू म्हणजे तिचा मुलगा. दोन वर्षांचा होता, तापात गेला. आणि सांगितलं होतं तिने, सगळं सांगितलं होतं! मी फोन स्पीकरवर टाकून टाके घालत बसले होते, मध्येमध्ये "हं, हं" करत. आग लागो माझ्या त्या "हं"ला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोठं केल्यावर पुसट होत असेल," ताईच मला समजावायला लागली. "मूळ पान दे, त्यावर बघते."

कीड लागली होती म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. तिने विश्वासही ठेवला असता.

"मी कापलं ते, ताई. खराब दिसत होतं म्हणून."

"आणि तुकडा?"

"केरात गेला."

ती हात पुढे करून त्या सोनेरी कडेवरून हळूहळू बोट फिरवायला लागली, वरपासून खालपर्यंत.

"ओ बाई, चित्राला हात लावू नका!" दारातला राखणदार ओरडला.

लावू दे रे तिला, एवढंसुद्धा माझ्या तोंडून फुटलं नाही. ताईने चटकन हात मागे घेतला.

"चुकलं हं माझं," ती त्याला म्हणाली.