बाबुलालच्या राजदूतची किंमत

देवाजी लांजेवारांच्या पोटात दुखायला लागलं ते फोन ठेवल्याबरोबर. खाण्यापिण्यातलं काही नव्हतं. बाबुलालनं बातमीच तशी दिली होती.

"देवाजी, उद्या सकाळी ये ना गा घरी," बाबुलाल चरोद्याहून बोलत होता. "रायपूरवरून एक मॅडम येऊन राहिली, गाडीची किंमत कराले. माह्या नातीनं, टीनानं बलावली. जुन्या गाड्यांचा वेगळा विमा असते म्हणते. आधी किंमत ठरवा लागते, मंग विमा."

"कोणत्या गाडीची किंमत?"

"राजदूतची ना बापा. दुसरी कोणती आहे माह्याजवळ?"

आता देवाजीचं म्हणणं असं, की बाबुलालच्या त्या पत्र्याच्या शेडातल्या डबड्याची किंमत करायला रायपूरहून माणूस कशाला पाहिजे? कोपऱ्यावरचा भंगारवाला काट्यावर ठेवून सांगेल. आणि किंमतच करायची तर राजदूत देवाजीकडेही होती. इथं कोहक्यात कोणालाही विचारा, राजदूतवाले काका म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवतं. मग मॅडम चरोद्याला का? कोहक्याला का नाही?

पण बाबुलालचं हे असंच. पन्नासेक वर्षांपूर्वी दोघांनी दुर्गला जाऊन एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारख्या काळ्या राजदूत घेतल्या. देवाजी भिलाईच्या स्टील प्लांटात लागलेला, बाबुलाल रेल्वेत. एक भंडाऱ्याकडचा, दुसरा गोंदियाकडचा, दोघांचेही बाप शेतीवाले, आणि दोघांच्याही खानदानात मोटरसायकल पहिलीच. कागद करताना देवाजी दोन मिनिटं पान खायला बाहेर गेला. तेवढ्यात बाबुलालनं पुढं होऊन सह्या केल्या. झालं, बाबुलालच्या गाडीचा नंबर आधीचा आणि देवाजीचा त्याच्या लगेच मागचा. एवढ्याशा गोष्टीचं देवाजीनं मनाला लावून घेतलं होतं, आणि म्हातारपणापर्यंत ते काही उतरलं नाही.

नंबरात मागं राहिला म्हणून मग देवाजीनं गाडीत पुढं जायचं ठरवलं. प्लांटातल्या रेल मिलच्या मेंटेनन्समधला माणूस तो. तिथं शिकवणच अशी होती की पार्ट बिघडायची वाट पाहू नका, आधीच बदला. देवाजीनं घरीही तेच केलं. सायलेंसर जरा काळा पडला, बदल. हेडलाइट पिवळा वाटला, बदल. पुढं पुढं तर डिस्क ब्रेक आला, मॅगव्हील आले, लाल मेटॅलिक रंग आला, आणि रिटायर झाल्यावर सेल्फ स्टार्टही बसला. दर वर्षी विश्वकर्मा पूजेला गाडी धुवून दारात उभी केली की लोक थांबून फोटो काढत. देवाजी खुर्ची टाकून बाजूला बसायचा आणि भाव खायचा.

उतरवलेलं सामान जायचं बाबुलालकडे. त्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त, नवा पार्ट घ्यायची ऐपत नाही. "घेऊन जा गा, भंगारातच जाणार आहे," असं म्हणून देवाजी जुना सायलेंसर, जुनी सीट त्याच्या हातात द्यायचा. देताना त्याला फार बरं वाटायचं. बाबुलाल ते पोत्यात घालून गाडीच्या कॅरिअरला बांधायचा आणि चहा न घेता निघून जायचा.

सकाळी देवाजीनं गाडी दोनदा पुसली. त्याच्या पत्नी साधनाताई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अजी, किंमत त्यायच्या गाडीची करून राहिले ना? तुमी कावून एवढी घासून राहिले?"

"मॅडमचे डोळे काही फुटले नाही," देवाजी म्हणाला. "ते त्याची पाहीन, मंग माही पाहीन. पाह्यल्यावर काय लिहीन ते तू बघ."

सुपेल्यातून मोठ्या रस्त्याला लागून, पॉवर हाउस, भिलाई-3 करत देवाजी चरोद्याला पोचला. रेल्वे कॉलनीच्या मागं बाबुलालचं घर. अंगणात राजदूत आणून उभी केलेली. काळा रंग विटून राखाडी झालेला, टाकीवर पोचा, सीटला दोऱ्याची शिलाई. बाबुलालनं धूळसुद्धा नीट पुसली नव्हती. देवाजीला इतकं समाधान वाटलं की सांगता सोय नाही.

मॅडमचं नाव वैभवी. रायपूरच्या जुन्या मराठी घरातली मुलगी, विमा कंपन्यांसाठी जुन्या गाड्या तपासायचं काम करायची. फाटकातून आत येतानाच ती देवाजीच्या गाडीपाशी थांबली. "वा, ही कुणाची? किती चमकवून ठेवलीय," म्हणाली. देवाजीची छाती फुगली. मग ती पुढं गेली, बाबुलालच्या गाडीजवळ फतकल मारून बसली, आणि उठेचना.

टॉर्च लावून इंजिनावरचा नंबर वाचला. लोहचुंबक टाकीवर फिरवून पाहिलं, कुठं पोचा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय का. नटबोल्टचे फोटो काढले. आता नटबोल्टचे फोटो कोणी काढतं का? तिकडं देवाजीची मॅगव्हील उन्हात लखलखत होती आणि ही पोरगी गंजलेल्या मडगार्डला हात लावून "क्या बात है काका, ओरिजिनल पेंट" म्हणत होती. देवाजीच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मॅडम, माहीबी त्याच दिवशीची आहे. एका नंबरचा फरक. जरा पाहून घ्या."

ती आली. भली मुलगी, मन लावून पाहिलं तिनं. सीट उचलून खाली टॉर्च मारला, डिस्क ब्रेकजवळ वाकली, आणि उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडावर ते भाव होते, जे डॉक्टर घरच्यांना बाजूला घेतात तेव्हा असतात.

"काका, गाडी एकदम मस्त आहे. पण ही विंटेजमधे नाही येणार."

"कावून?"

"सेल्फची बॅटरी बसवायला चेसिस कापलीय तुम्ही. पुढचा फोर्क बदलला, चाकं बदलली, रंग बदलला. जुन्या गाडीची किंमत ती जशी आली तशी राहिली, याची असते ना. हिचा साधा विमा निघेल, जसा सगळ्यांचा निघतो."

"म्हंजे म्या गाडी खराब केली?"

"खराब नाही हो काका. नवी केली."

देवाजीचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची मेहनत, आणि एका शब्दात निकाल. त्याला वाटलं, बाबुलाल आता हसेल. बाबुलाल हसला नाही, उलट घरातून पाण्याचा ग्लास घेऊन आला. देवाजीनं तो घेतला नाही. हसला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

वैभवी परत जुन्या गाडीकडे वळली. "बाबुलाल काका, कंपनीतून आली तशीच आहे ना सगळी? बाहेरचं काही बसवलंय का?"

"मले काही ध्यानात नाही राहात आता," बाबुलाल म्हणाला. "ह्या देवाजीले विचारा. ह्याच्यापेक्षा कोणाले जास्त माहीत नाही."

आणि इथं देवाजीला संधी दिसली. खोटं बोलायचीही गरज नव्हती. खरं बोललं की बाबुलालची गाडी आपोआप पाटावरून खाली येणार होती.

"बाहेरचंच आहे सारं," तो म्हणाला. "हेडलाइट माहा. सायलेंसर माहा. कार्ब्युरेटर माहा, सीट माही. मी काढून फेकलं ते ह्यानं लावलं. ह्याचं स्वतःचं काय आहे त्यात, टाकी, इंजिन अन् चेसिस. बाकी उतरन आहे माही."

बाबुलालनं मान खाली घातली. वैभवीचे डोळे मात्र मोठे झाले. "म्हणजे सगळे पार्ट त्याच लॉटमधल्या गाडीचे? त्याच दिवशी विकलेल्या? अरे काका, ये तो और बढ़िया बात है. लोक दिल्लीच्या बाजारातून कुठले कुठले पार्ट लावतात. हे तर लिहायलाच पाहिजे. तुमचं नावही लिहिते." आणि ती आनंदानं बाहेर गेली, गाडीतून दुसरा कॅमेरा आणायला.

अंगणात दोघं म्हातारे उरले. देवाजी स्वतःच्याच बोलण्यानं तोंडघशी पडलेला, आणि वर त्याचं नाव लिहिलं जाणार होतं. बाबुलालच्या गाडीच्या कागदावर.

बाबुलालनं हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "उतरन म्हणालास ना, ते बरोबर आहे. तू नवा सायलेंसर लावला का मले दोन दिवस जेवण जात नव्हतं. तुह्या घरून पोतं बांधून निंगलो का वाटे, कोण्या नालीत फेकून देऊ. पण गाडी चालवा लागे ना गा, ड्यूटीवर कसा जाऊ? मंग शेडात बसून तुहा जुना पार्ट लावत जाओ. लावतानी तुले शिव्या देत जाओ."

"मले?"

"तुले नाही तं कोणाले? विश्वकर्मा पूजेले तुह्या दारात लोक फोटो काढत. मी मुद्दाम तिकून येत नव्हतो. पोट्टे म्हणत, बाबा, देवाजी काकाची गाडी पाह्याले चला, मी म्हणो, पाय दुखते." त्यानं गाडीच्या सीटवर हात ठेवला. "आजच्या दिवशी पहिल्यांदा कोणी माह्या गाडीजवळ बसलं अन् तुह्या गाडीपासून उठलं. एक दिवस आहे, देवाजी. एक दिवस तं मले घेऊ दे."

आता कोणी म्हणेल, देवाजीला हे ऐकून गहिवरून आलं असेल. छे. देवाजीच्या मनात पहिल्यांदा आलं ते भलतंच. त्याला हळहळ वाटली. इतकी वर्षं बाबुलाल आपल्यावर जळत होता आणि आपल्याला पत्ताच नाही. कळलं असतं तर दर वर्षी काय मजा आली असती. एवढं सुख दारात येऊन चहा न पिता परत जात होतं आणि आपण त्या मेल्या नंबरासाठी कुढत बसलो. अन् आज कळतंय ते कधी, तर तो सुटल्यावर. आता जळायची पाळी एकट्या देवाजीची.

वैभवी कॅमेरा घेऊन आली. "काका, आता फक्त सुरू करून दाखवा. चालू नसेल तर तसं लिहावं लागतं, मग किंमत एकदम निम्म्यावर येते."

बाबुलालच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगा ड्यूटीवर. "देवाजी, तूच मार ना किक," तो म्हणाला.

देवाजी गाडीवर बसला. ही गाडी थंड असली की कार्ब्युरेटरवरची बारकी पिन दाबून आधी पेट्रोल वर आणावं लागतं, त्याशिवाय जन्मात लागत नाही. देवाजीला हे माहीत नसेल तर कोणाला असेल? कार्ब्युरेटर त्याचाच होता. बाबुलाललाही माहीत होतं.

देवाजीनं पिन दाबली नाही. किक मारली. इंजिन घरघरलं आणि बसलं.

दुसरी मारली. तेच. वैभवीनं मोबाइलवर काहीतरी लिहायला बोट उचललं.

देवाजीनं बाबुलालकडे पाहिलं. बाबुलाल सगळं पाहत होता. देवाजीचा हात पिनेकडे गेला नाही, हे त्यानं दोन्ही वेळा पाहिलं होतं. नुसतं "पिन दाब गा" म्हणायचं होतं त्याला, देवाजीला दाबावीच लागली असती. पण तो तोंड उघडेना. मागं हात बांधून उभा राहिला, पोत्याला गाठ मारताना उभा राहायचा तसा, मान जरा खाली घालून.

सांगत का नाही हा, देवाजीला संताप आला. सांग ना लेका. म्हणजे मी तुझ्या सांगण्यावरून केलं असं तरी होईल. बाबुलाल सांगत नव्हता. एक दिवस मागितला होता त्यानं, आणि मागून झाला होता.

देवाजी वाकला. पिन दाबली, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत दाबून धरली, आणि तिसरी किक मारली. गाडी एकदम लागली. अंगणभर निळा धूर झाला. तो आवाज देवाजीनं स्वतःच्या गाडीतून केव्हाच घालवला होता. तो ऐकून त्याच्या पोटात पुन्हा कळ उठली, कमी झाली नाही.

"पहिल्या दोनला काय झालं होतं हो काका?" वैभवी कानावर हात ठेवून ओरडून विचारत होती. "स्टार्टिंगचा प्रॉब्लेम आहे, असं लिहू का?"

"नको लिहू, पोरी," देवाजी म्हणाला. "गाडीत काही नाही. त्या दोन मी जळून मारल्या."

तिला धुरात आणि आवाजात काही ऐकू गेलं नाही. तिनं मान हलवली आणि फोटो काढायला लागली. बाबुलालला मात्र ऐकू गेलं. तो जवळ आला, देवाजीच्या खांद्यावर हात ठेवून इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलला.

"तू दोनच मारल्या. मी असतो ना, तं दहा मारल्या असत्या."