पुठ्ठ्याची हजेरी

चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रं वर्गांच्या दारांवर बसली, तेव्हा विद्यापीठात सगळ्यात आधी बोंब ठोकली ती पुढाऱ्याने. पुढारी हे त्याचं टोपणनाव. शेवटच्या वर्षात मुक्काम ठोकलेला हा गडी वर्गात कमी आणि पायऱ्यांवर जास्त दिसायचा. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, "या खेपेला पास झालास तर ठीक. नाहीतर मुकाट्याने आपल्या लाँड्रीत उभं राहायचं. इस्त्री तापलेलीच आहे." हजेरी नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर इस्त्री.

मग काय, मोर्चा निघाला. "आज हे यंत्र आपला चेहरा गिळतंय, उद्या आपल्यालाच गिळेल!" पुढारी गरजला. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण वर्गाकडे कधी न फिरकणारी पोरंसुद्धा या मोर्चाला अगदी वेळेवर हजर होती.

पुढाऱ्याच्या खोलीत राहणारा चष्म्या विद्यार्थी निवडणुकीच्या वेळी बनवलेला पुढाऱ्याच्या हसऱ्या फोटोचा माणसाएवढा पुठ्ठा खांद्यावर घेऊन चालला होता. वर्गाच्या दारापाशी तो पुठ्ठा यंत्रासमोर आला. हिरवा दिवा लागला आणि गोड आवाज आला, "स्वागत आहे. आपली हजेरी लागली."

मोर्चा जागच्या जागी थबकला. पुढाऱ्याने घसा खाकरला. "मित्रांनो, आपण तरुण आहोत. नव्याला घाबरणं आपल्याला शोभत नाही."

सुंठीवाचून खोकला गेला. छपाईवाल्याकडे पुठ्ठ्यांसाठी रांग लागली. बाकांवर पुठ्ठे टेकून बसू लागले. प्राध्यापक तसेही फळ्याकडे तोंड करूनच शिकवायचे, आणि हजेरी पूर्ण भरत होती, मग तक्रार करणार कोण?

अडचण एकच होती, ती म्हणजे फाटकावरचे पहारेकरी काका. ते एकेकाला नावानिशी ओळखायचे आणि पुठ्ठे अडवायचे. पुढारी थेट कुलगुरूंकडे गेला. "साहेब, हजेरीत माणसाची लुडबुड नको. यंत्र म्हणेल तेच खरं." तरुणांची ही आधुनिक दृष्टी पाहून कुलगुरू गहिवरले. काकांना हुकूम सुटला: स्टुलावर बसायचं, तोंड उघडायचं नाही.

परीक्षा जवळ आली तसा मात्र पुढारी खरोखर घाबरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच जीव तोडून अभ्यासाला बसला. गंमत म्हणजे त्याला ते आवडायलाही लागलं. पेपरच्या दिवशी तो पहाटेच वाचनालयात गेला. इकडे चष्म्याला त्याची खाट रिकामी दिसली. 'एवढा अभ्यास करूनही गडी दरवेळेसारखा पळालेला दिसतोय, निदान गैरहजेरी तरी नको,' असं म्हणून त्याने सवयीने पुठ्ठा काखेत मारला.

पुढारी उजळणी संपवून परीक्षेच्या दालनापाशी पोचला, तर लाल दिवा लागला. "आपण आधीच आत आहात."

परीक्षेपुरतं फाटकावरच्या पहारेकरी काकांचं स्टूल दालनाच्या दारात आणलं होतं; तो त्यांच्याकडे धावला. "काका, मला ओळखता ना तुम्ही?"

"ओळखतो तर! पहिल्या दिवसापासून ओळखतो."

"मग सोडा ना आत!"

"माझ्या ओळखण्याला आता काय किंमत, बाळा? तूच वर जाऊन सांगून आलास ना."

आत पुठ्ठा आहे हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि त्याने ते गिळले. तसं बोललं की वर्षभराची हजेरी बुडणार. गप्प बसलं तर पेपर बुडणार. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्याने काचेतून पाहिलं. पुठ्ठा त्याच्या जागेवर बसून हसत होता. पर्यवेक्षकांनी मान वर न करता त्याच्यासमोर प्रश्नपत्रिका ठेवली. पुढाऱ्याला रडू आलं. या वेळी त्याला सगळं येत होतं.

खिशात फोन वाजला. वडील होते. "पोचलास का रे वेळेवर?"

"हो बाबा. मी... आत बसलोय."

"शाब्बास! मग इस्त्रीला दुसरा माणूस बघू का आता?"

पुढाऱ्याने काचेला कपाळ टेकवलं. "नको बाबा," तो म्हणाला, "एवढ्यात नको."