होयर मास्तरांचं निळं आकाश

ड्रेस्डेनच्या होयर मास्तरांनी तीस वर्षं पहाटच रंगवली. उन्हाळ्यात डोंगरात हिंडून पेन्सिलीनं टिपणं करायची आणि हिवाळ्यात घरी बसून आठवणीनं रंग भरायचे. यंदाचं चित्र प्रदर्शनाला जायचं होतं आणि त्यांच्या मुलीला, एर्नेस्टिनला, त्याचीच धास्ती होती. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. कॅनव्हास त्यांना पिवळट दिसे, म्हणून ते आकाशात निळा ओतत सुटले होते, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग तिनं एक उद्योग आरंभला. दुपारी मास्तर नदीवर फिरायला गेले की ती ओल्या आकाशावर हलकेच गुलाबी-पिवळा फिरवी. सकाळी मास्तर भडकत. "पुन्हा उडाला! तो रंगवाला लाम्प्रेख्ट निळ्यात खडू मिसळतोय." आठवडाभर बापलेकीची ही कुस्ती चालली, बापाला न कळता. शेवटी मास्तरांनी कलाशाळेला पाठवायला तक्रार लिहून ठेवली: या रंगवाल्याकडून कुणी रंग घेऊ नये.

कुणकुण लागताच लाम्प्रेख्ट खलबत्ता घेऊनच आला.

"होयरसाहेब, निळ्या रंगाचा दगड तुमच्यासमोर कुटतो. मग तरी पटेल?"

"कूट की. उद्या तोही उडेल."

"वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही, आणि माझ्या पोटावर पाय देताय?"

एर्नेस्टिनला ते ऐकवेना. "बाबा, रंग उडत नाही. मी झाकते. तुमचं आकाश फार निळं होतंय."

"डोकं फिरलंय तुझं?"

तिनं भिंतीवरची त्यांची जुनी पहाट काढून नव्या चित्राशेजारी ठेवली.

"हिच्यावरचं वार्निश पिवळं पडलंय," मास्तर म्हणाले.

"नाही बाबा. ती होती तशीच आहे."

मास्तरांनी लाम्प्रेख्टकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि होकारार्थी हलवली.

मास्तर टेबलापाशी गेले. मग त्यांनी तक्रार फाडली. "चुकलो, लाम्प्रेख्ट. बस, कॉफी घे." नवं चित्र त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं. एर्नेस्टिनला रडू आवरेना; आपणच बापाचे रंग हिरावले असं तिला वाटत होतं.

"रडतेस काय? कागद काढ. आणि ती तपकिरी शाई."

"नुसती शाई?"

"रंगाचं आता तुम्हाला विचारावं लागेल. पण डोंगरामागून उजेड कुठून येतो, ते मला अजून कुणी सांगायला नको."