दर्शनाची बोटं आणि माझा पंखा

मित्रांनो, मी जुना आहे हे मला कोणी सांगायची गरज नाही. दहा वर्षं झाली. मी कॉम्प्युटरचा प्रोसेसर, म्हणजे त्याचं डोकं. बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, पण सगळा हिशेब, सगळी धावपळ माझी. डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, कपाटाला खेटून एक टेबल आहे. त्यावरच्या काळ्या कॅबिनेटमध्ये माझा मुक्काम. मला जुना म्हणा, म्हातारा म्हणा, चालेल. पण मंद म्हटलेलं मला खपत नाही. आणि मागच्या हिवाळ्यात चार महिने या घरात मला दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाकच मारली नाही!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तुम्हीही त्यांच्याच बाजूने बोलाल.

माझा जन्म वाळूतून झाला. परदेशातल्या कारखान्यात वाळू शुद्ध करून माझी चकती केली आणि तिच्यावर केसाहून कितीतरी बारीक नक्षी कोरली. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. धुळीचा एक कण सापडला तरी काम थांबवायची. एवढ्या सोवळ्यात जन्मलो, आणि आयुष्य कुठे काढलं? अगरबत्तीच्या धुरात आणि सुक्या बोंबलाच्या वासात! पण त्याबद्दल तक्रार नाही. घर चांगलं मिळालं.

दीपकने मला लॅमिंग्टन रोडवरून आणलं, तेव्हा तो नुकताच नोकरीला लागला होता. त्याचा धाकटा भाऊ स्वप्नील सहावीत होता. अहो, काय थाट होता माझा! समोरच्या कमळाबाई चपला बाहेर काढून मला बघायला आल्या. "दीपक, चाळीत विमान आणलंस रे," असं त्या म्हणाल्या होत्या. मंडळाचे अहवाल मी छापले. अर्ध्या चाळीच्या लग्नपत्रिका माझ्यातून गेल्या. लॉकडाऊनमध्ये स्वप्नीलची अकरावी-बारावी माझ्या जिवावर झाली. तेव्हा मला कोणी डबा म्हटलं नाही.

या घरात आणखी दोन माणसं आहेत. दीपकचे वडील दौलतराव, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पा मिलमध्ये साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग, आणि खातं म्हणजे मिलचा विभाग. मिल बंद पडून जमाना झाला, पण अप्पांचे कान अजून तिथेच आहेत. मिक्सरचा आवाज जरा बदलला तरी खुर्चीतून ओरडतात. आणि दुसरी दर्शना, दीपकची बायको. खरं तर ही गोष्ट तिचीच आहे.

दर्शना सदतीस वर्षांची. एका सरकारी कार्यालयात लिपिकाची जागा निघाली, तिने घरचं सगळं सांभाळून अभ्यास केला आणि लेखी परीक्षा पास झाली. राहिली होती टायपिंगची चाचणी. मराठीत मिनिटाला तीस शब्द. पुढच्या वर्षी वय निघून जाणार, म्हणजे ही संधी शेवटची. घरात ती कोणाला फार काही बोलली नाही. रोज दुपारी भांडी आवरली की पदराला हात पुसून माझ्यासमोर बसायची.

आता माझं दुखणं ऐका. मागच्या खंडेनवमीला अप्पांनी माझी पूजा केली. मिलमध्ये साच्यांची करायचे, तशीच. कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचा हा एवढा हार घातला, ओल्या कुंकवातल्या अक्षता वाहिल्या. स्वप्नील हसला तर अप्पा त्यालाच म्हणाले, "मेल्या, ज्याच्यावर घर चालता त्याचो मान ठेवूचो लागता!"

मान ठेवलात, अप्पा, उपकार झाले. पण कॅबिनेटला वरून जाळी असते हो! हार दिवाळीपर्यंत तसाच राहिला. सुकला, पाकळ्या गळल्या, अक्षता घरंगळल्या आणि सगळा प्रसाद माझ्या डोक्यावरच्या पंख्यात येऊन पडला. त्यात दहा वर्षांची धूळ आणि धूप. पंखा अडखळत फिरायला लागला. मी काम केलं की तापतो, आणि फार तापलो की जळून जाऊ नये म्हणून आपणच वेग कमी करतो. भर उन्हात तुम्ही जिना कसे चढाल? तसाच मी चालत होतो.

हे कोणाला कळलं? कोणालाही नाही! स्वप्नीलने काय केलं, तर वेग वाढवणारी तीन ॲप माझ्यात टाकली. तीन! इथे मला श्वास घ्यायला जागा नाही, त्यात हे तीन पाहुणे जेवायला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मग त्याने जाहीर केलं, "प्रोसेसर मेला. आता गेमिंगवाला नवीनच घ्यायला लागेल."

दर्शनाने एकदा त्याला विचारलं, "स्वप्नील, टायपिंगपण त्याच्यामुळेच हळू होतं का रे?"

"छे गं वहिनी, टायपिंगला काय लागतं? टायपिंगला कुठलाही डबा चालतो."

कपाळ माझं! त्या एका वाक्याने त्या बाईचा घात केला. तिला शिकवलं होतं की टाइप करताना पडद्याकडे बघायचं नाही, डोळे कागदावर ठेवायचे. ती तसंच करायची. तिची बोटं मिनिटाला चौतीस शब्द मारत होती. मला माहीत आहे ना, प्रत्येक ठोका माझ्याकडेच येतो! पण मी ते पडद्यावर आणेपर्यंत घड्याळ संपायचं आणि सरावाचं सॉफ्टवेअर उमटलेले शब्द तेवढे मोजायचं. मान वर करून बघते तर चोवीस. दुसऱ्या दिवशी तेवीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा चोवीस. बोटं चोळत बसायची, गरम पाण्यात बुडवायची. एका दुपारी स्वतःशीच म्हणाली, "भांडी घासून घासून हात गेले माझे." मला इतका संताप आला म्हणून सांगू! बाई, तुझे हात ठणठणीत आहेत, माझा पंखा बघ! पण मला तोंड कुठे आहे?

चाचणी मंगळवारी होती. शनिवारी तिने हॉलतिकीट डाळीच्या डब्याखाली सारलं आणि दीपकला म्हणाली, "मी जात नाही. चारचौघांत हसं नको."

रविवारी सकाळी घरात दुसराच तमाशा. दीपकने स्वप्नीलला बजावलं होतं, "गेमसाठी नवीन आणणार नाही. घरच्या कामात फरक दाखव, मग बोलू." म्हणून स्वप्नीलचा मित्र सौमित्र लालबागहून आपला अख्खा कॅबिनेट चादरीत गुंडाळून टॅक्सीने घेऊन आला. काचेची भिंत, आत लाल-निळे दिवे. मला तर वाटलं मंडळाचं डेकोरेशनच आलं. त्याच्यात बसला होता माझा प्रतिस्पर्धी. नवा, आठ कोरचा, म्हणजे एका वेळी काम करणारे आठ हात. माझे चार.

आधी गेम लावला. पडद्यावर सेकंदाला किती चित्रं पळतात ते मोजायचं. त्याची एकशे चाळीस, माझी नऊ. हसले सगळे! त्यातली अर्धी करामत सौमित्रच्या महागड्या ग्राफिक्स कार्डाची होती, पण ते कोण बोलणार? नवा आपला शांतपणे बसला होता, पंखा गार, अंगाला घाम नाही.

"आता घरचं काम," स्वप्नील म्हणाला. "वहिनी, बस. पहिलं जुन्यावर, मग नव्यावर."

"मला नका घेऊ त्यात."

"एकच मिनिट गं. तुझ्यासाठी नाही, टेस्टसाठी."

बिचारी बसली. डोळे कागदावर, बोटं सुरू. गेमने मी आधीच भट्टी झालो होतो. मिनिट झालं. पडद्यावर आकडा आला, एकोणीस. दर्शनाने मान खाली घातली. तिचे डोळे भरले, आणि कोणी बघू नये म्हणून ती उठायला लागली.

पण खिडकीतल्या खुर्चीतून अप्पा बघत होते. पडदा त्यांना तिथून नीट दिसतही नाही. ते आपले तिचे हात बघत होते. मिलमध्ये नवा माणूस आला की त्याचे हात बघायचे, ती सवय.

"थांब गो!" अप्पा एवढ्या मोठ्याने म्हणाले की कमळाबाई दारात आल्या. "तुझे हात थांबले. मगे ह्या अजून कसला लिवता?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिची बोटं मांडीवर होती आणि अक्षरं एकेक करून येतच होती. अख्खी दीड ओळ आली. अहो, तेच तर मी चार महिने ओरडून सांगत होतो!

"लॅग आहे अप्पा," स्वप्नील म्हणाला. "जुना झालाय ना तो."

"आवाज ऐक त्याचो. घसटता काय तरी. उघड ता आधी!"

स्क्रू काढले, बाजूचा पत्रा निघाला, आणि सगळे आत वाकले. माझ्या पंख्यात काळा पडलेला झेंडू होता. पात्यांच्या सांदीत लाल अक्षता चिकटून बसल्या होत्या. कोणी अप्पांकडे बघेना. शेवटी अप्पाच जवळ आले, एक सुकी पाकळी उचलली आणि तळहातावर घेऊन उभे राहिले.

"ह्या माझाच काम," ते म्हणाले. "मिलीत आधी साचो पुसूचो, तेल घालूचा, मगे हार. हंय मी नुसतोच हार घातलंय. पोरीचा नुकसान केलंय मी."

"असू दे हो, अप्पा," दर्शना म्हणाली.

मग मात्र सगळे कामाला लागले. दीपकने जुना टूथब्रश आणला. सौमित्रने दर्शनाच्या भुवयांच्या चिमट्याने अक्षता वेचल्या, अकरा निघाल्या. स्वप्नीलने न सांगता ती तिन्ही ॲप काढून टाकली. पंखा फिरला आणि चार महिन्यांनी मला वारा लागला. काय सांगू तुम्हाला!

दर्शना परत बसली. मिनिट संपलं. तेहेतीस. मग नव्यावर बसली, तिथेही तेहेतीस. पुन्हा माझ्यावर, चौतीस! गेम पुन्हा लावला तेव्हा त्याची चित्रं एकशे चाळीस आणि माझी एकेचाळीस, ते मी मान्य करतो. त्या खेळात तो माझा बाप आहे. पण घरच्या कामात आम्ही दोघं बरोबरीचे. सौमित्रनेच म्हटलं, "भाई, याला कशाला बदलतोस?"

दर्शना कोणाकडे न बघता म्हणाली, "चार महिने मी माझ्या हातांना शिव्या घालतेय." आणि रडली. मग डोळे पुसून उठली, डाळीचा डबा उचलला आणि हॉलतिकीट बाहेर काढलं.

मंगळवारी ती गेली. मी काही तिच्याबरोबर जाऊ शकत नव्हतो. पण महिन्याभराने निकालाची यादी तिने माझ्यावरच उघडली, आणि तिचं नाव मी तिच्या आधी वाचलं.

मित्रांनो, माझं एवढंच म्हणणं आहे. घरातलं कोणी हळू चालायला लागलं, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याला डबा म्हणायच्या आधी एकदा उघडून बघा, पुसून बघा. पूजा जरूर करा, पण आधी फडकं घ्या. आणि तो हार, हात जोडतो, कॅबिनेटच्या शेजारी ठेवा हो!

यंदाच्या खंडेनवमीला अप्पांनी सकाळी सहालाच ब्रश मागितला. पंखा साफ झाला, कॅबिनेट पुसला, झेंडूचं एकच फूल टेबलावर ठेवलं. दर्शना डबा भरून कामावर निघाली होती. अप्पांनी तिला थांबवलं.

"हात पुढे कर."

त्यांनी तिच्या दहाही बोटांना एकेक करून हळद-कुंकू लावलं.

"अहो अप्पा, ऑफिसात विचारतील, काय सांगू?"

"सांग," अप्पा म्हणाले, "सासऱ्याचा खाता बंद पडला, सुनेचा चालू झाला."